बंदोबस्ताचे पोलीस आणि तपासाचे पोलीस

ब्रिटिश अमदानीत मुंबईचे पोलीस दल कसे वाढत गेले हे समजून घ्यायचे असेल तर जनगणनेचे आकडे बाजूला ठेवून आधी दंगलींच्या तारखा काढाव्या लागतात. ऑक्टोबर १८५१, फेब्रुवारी १८७४, ऑगस्ट १८९३, १९११ चा मोहरम, नोव्हेंबर १९२१, फेब्रुवारी १९२९. अशी एखादी तारीख उलटली की सरकारदरबारी पोलिसांचा प्रश्न ऐरणीवर यायचा. माणसे किती वाढवायची, हत्यारी तुकड्या कुठे ठेवायच्या, आयुक्ताला कोणते जादा अधिकार द्यायचे, याच्या चर्चा व्हायच्या. या तारखांच्या मधल्या वर्षांत शहर दुपटीने फुगले, गिरण्या उभ्या राहिल्या, रोज रात्री घरे फुटत राहिली, बंदरावर गासड्या हलक्या होत राहिल्या. त्यासाठी दल वाढवण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही. त्यातून जे पोलीस दल घडले ते जमावापुढे उभे राहायला तयार होते, चोरीच्या मागावर जायला नव्हते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. महाराष्ट्रात शहर वाढले की जिल्हा पोलिसांपासून वेगळे, स्वतःच्या आयुक्ताखालचे पोलीस आयुक्तालय मागायचे, हा आता पायंडा आहे. पिंपरी-चिंचवडला ते १५ ऑगस्ट २०१८ ला मिळाले, मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला १ ऑक्टोबर २०२० ला. आयुक्तालय ही रचनाच मुळात कलकत्ता, मद्रास, मुंबई या इलाखा-शहरांसाठी घडवलेली आहे. तेव्हा मूळ शहरात ती कुठे चालली आणि कुठे फसली हे नव्या शहरांनी नीट पाहून घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात पार साधी होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने भंडाऱ्यांची पथके उभी केली आणि माहीम, शिवडी, शीव येथे सुभेदार नेमले. बेटावरच्या जमीनदारांनी माणसे पुरवायची, माणसांनी रात्री राखण करायची. किल्ल्यात राहणाऱ्यांना तटबंदीचा आधार होता. अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट रात्री बंद झाले की आतल्या व्यापाऱ्याच्या पेढीपुरता चोरीचा प्रश्न बराचसा मिटायचा. तटाबाहेर, गिरगाव-भुलेश्वर-मांडवीकडे, लोकवस्ती वाढत होती आणि तिथे दरवाजेच नव्हते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडला तेव्हा शहराला आत आणि बाहेर असे काही उरले नाही. त्या दिवसापासून राखणदारी पुरेशी नव्हती. कोण कुठून आले, कुठे राहते, काय विकते याची माहिती लागणार होती.

माहितीआधी अधिकार आले आणि तिथेच पहिली ठेच लागली. १७७९ मध्ये जेम्स टॉड पोलिसांचा लेफ्टनंट झाला. १७९० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालला आणि त्याला काढून टाकले गेले. १७९३ मध्ये पोलीस अधीक्षकाचे नवे पद निर्माण झाले. त्या पदावरचा चार्ल्स ब्रिस्को हाही १८१० मध्ये भ्रष्टाचाराच्याच आरोपात गेला. दोन माणसे लोभी निघाली एवढ्यावर हा विषय सोडता येत नाही. पकडणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा फर्मावणारा एकच असेल, तर सुटकेची किंमत ठरवणाराही तोच असतो. तेव्हाचे रेकॉर्डर, म्हणजे शहरातल्या कोर्टाचे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. योग्य खटल्याशिवाय लोकांना फटके मारले जातात, बेटावरून हद्दपार केले जाते, याला कायद्याचा आधार काय, हा त्यांचा सवाल होता. १८१२ मध्ये दंडाधिकाऱ्यांची नवी रचना झाली ती या वादानंतर. हद्दपारीचा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता गुन्ह्यांकडे. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा खरा गुन्हा म्हणजे मालाची चोरी, आणि ती शिकायची तर बंदरावर. १८७५ मध्ये ससून डॉक होईपर्यंत मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडाव, मछवे अशा लहान होड्यांतून धक्क्यावर यायचा. म्हणजे एक गासडी जहाजावरच्या अधिकाऱ्याकडून पडावाच्या तांडेलाकडे, तांडेलाकडून धक्क्यावरच्या मुकादमाकडे, मुकादमाकडून गाडीवाल्याकडे आणि तिथून गोदामाच्या कारकुनाकडे जायची. चार वेळा हात बदलायचे. प्रत्येक ठिकाणी नग मोजले गेले तरी वजन होत नसे, आणि चोराला तेवढे पुरे होते. गासडीची शिवण उसवून काही शेर कापूस काढायचा, शिवण पुन्हा घालायची, वजन भरायला पाणी मारायचे किंवा माती घालायची. नग बरोबर भरतात. तूट निघते ती शेवटच्या काट्यावर, आणि तोवर जबाबदार कोण हे सांगणे कोणालाच शक्य नसते. १८४० च्या दशकात या बंदरी टोळ्या इतक्या बोकाळल्या होत्या की वर्तमानपत्रे त्यांच्याविषयी उघड लिहीत होती. टोळ्यांकडे स्वतःच्या होड्या होत्या, किनाऱ्यावर माल घेणारे ठरलेले होते.

धक्क्यावर शिपाई वाढवून हे थांबण्यासारखे नव्हते. शिपायाला दिसते ती होडी. त्या होडीतला माल कोणाचा आणि किती असायला हवा हे सांगणारा कागद त्याच्या हातात नसतो. फरक पडला तो बांधकामाने आणि नोंदींनी. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. जहाज थेट गोदीत लागू लागले. भोवती भिंत, मोजके दरवाजे, दरवाजावर पास, आत शेड. हात बदलण्याच्या जागा कमी झाल्या आणि उरल्या तिथे सही आली. गोदीतली चोरी त्याने संपली असे कोणी म्हणणार नाही. पण ती होडीतून उठून दरवाजावरच्या पासाकडे आणि शेडच्या कारकुनाकडे सरकली, म्हणजे जिथे तपास करता येतो तिथे आली. तळोजा, चाकण, भिवंडी इथल्या गोदामपट्ट्यांत आज पोलीस चौकी मागताना आधी विचारायला हवे की माल कितीदा हात बदलतो, आणि प्रत्येक बदलाला वजन होते की नुसते नग मोजले जातात.

रस्त्यावरच्या आणि घरातल्या चोऱ्यांचे आकडे मात्र फार जपून वाचावे लागतात. मुंबईची लोकसंख्या १८६४ मध्ये ८,१६,५६२ मोजली गेली. कापसाच्या तेजीने माणसे ओढून आणली होती. १८६५ मध्ये तेजी कोसळली आणि १८७२ च्या मोजणीत संख्या ६,४४,४०५ वर उतरली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती, प्लेगने ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आणली, आणि १९११ मध्ये ती ९,७९,४४५ झाली. दर हजारी गुन्हे काढताना कोणता आकडा खाली धरायचा? तेजीतल्या गुन्ह्यांना मंदीतल्या डोक्यांनी भागले तर शहर गुन्हेगार ठरते. उलट केले तर पोलीस कर्तबगार ठरतात. त्यात शिमगा, गणपती आणि पेरणीला कोकणात जाणारा-येणारा गिरणी कामगार एका दिवसाच्या शिरगणतीत धड सापडत नाही.

दुसरी अडचण नोंदीची. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पहिल्याच कलमात मुंबई आणि कलकत्ता शहरांच्या पोलिसांना संहितेच्या सर्वसाधारण अंमलातून वगळले होते. मुंबई पोलीस आपल्या वेगळ्या कायद्याने, १९०२ नंतर शहर पोलीस अधिनियमाने, चालत. ठाणे जिल्ह्यातली फिर्याद आणि मुंबईतली फिर्याद एकाच नियमाने कागदावर येत नव्हती. तरीही दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढले गेले आहेत.

याहून मोठी गोष्ट म्हणजे फिर्याद कोण करतो. कोटातल्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या भागातल्या, पेढीत चोरी झाली तर मुनीम चौकीवर जातो, कोर्टाच्या तारखा सांभाळतो, त्याचा पगार चालू राहतो. परळच्या चाळीत एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांपैकी एकाची पत्र्याची ट्रंक फुटली, तर त्याला फिर्यादीसाठी एक खाडा, ओळख पटवायला दुसरा आणि प्रत्येक तारखेला आणखी एक. खाड्याचा पगार कापला जातो, शिवाय मुकादमाची मर्जी जाते. ट्रंकेत होते त्यापेक्षा हा खर्च जास्त. तो चौकीवर जातच नाही. चाळीतल्या दादाकडे जातो. दादा ट्रंक मिळवूनही देतो आणि त्या दिवसापासून वस्तीत पोलिसांच्या जागी बसतो. गिरणगावात दादा मंडळींचे वजन का होते याची कारणे अनेक आहेत, पण फिर्याद परवडत नव्हती हे त्यातले एक ठळक कारण आहे असे मला वाटते. म्हणून एखाद्या कामगार वस्तीत नोंदलेले गुन्हे अचानक वाढले तर लगेच ठाणेदाराला जाब विचारू नये. लोक चौकीवर येऊ लागले, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

बीटवरच्या शिपायाचे गणित मांडून पाहू, कारण सगळ्या मागण्या शेवटी इथेच येऊन आपटतात. शिपाई सावकाश, दारे-कुलुपे पाहत चालला तर तासाला तीन किलोमीटरच्या वर जात नाही. दोन किलोमीटरचा फेरा असेल तर थांबण्या-बोलण्यासह तो त्याच दारापाशी तासाभराने येतो. घरफोड्याला कडीकोयंडा उचकटायला त्यातली काही मिनिटे पुरतात. फेरा रोज एकाच दिशेने आणि एकाच वेळी असेल तर शिपायाची गस्त हेच चोराचे घड्याळ होते. शिवाय मुंबईच्या चाळीत एका जिन्यावर शंभर खोल्या असतात आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यातला एक दिवाही दिसत नाही. ऑक्टोबर १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, त्याने हमरस्ते उजळले. जिने, संडास आणि मागच्या गल्ल्या अंधारातच राहिल्या.

एक जागा चोवीस तास राखायला किती माणसे लागतात? आठ तासांच्या पाळीने वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. एका शिपायाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, १२ नैमित्तिक रजा, ३० अर्जित रजा आणि आजारपण, प्रशिक्षण, कोर्ट मिळून २१ दिवस वजा केले तर २५० दिवस उरतात. १,०९५ ला २५० ने भागा, सुमारे साडेचार माणसे. बारा तासांची पाळी केली तर तीन माणसांत भागते, म्हणून ब्रिटिश काळापासून आजवर कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी पाळी चालत आली. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो चांगलाच होता. पण मंजूर पदे बारा तासांच्या हिशेबाने ठरलेली असतील तर पहिल्याच मोठ्या बंदोबस्ताला असा प्रयोग मोडतो. नव्या आयुक्तालयाच्या प्रस्तावात पदसंख्या छापलेली असते, ती कोणत्या पाळीवर काढली हे मात्र लिहिलेले नसते. ते लिहायला भाग पाडले पाहिजे.

आणि तो शिपाई राहतो कुठे? मुंबईचे बहुतेक शिपाई रत्नागिरीकडचे मराठे, म्हणजे गिरणी कामगाराच्याच गावचे, कधी त्याच्याच भावकीतले. ही जमेची बाजू होती. भाषा कळते, माणूस कळतो. पण पगार तुटपुंजा आणि घर भाड्याचे, तेही मिळेल त्या चाळीत. ज्या वाण्याकडे उधारी त्याच्याच दुकानासमोर गस्त; ज्या सावकाराचे व्याज थकले त्याच्याच अड्ड्यावर छापा घालायचा. हप्त्याची सुरुवात अशा उधारीतून होते, हे नैतिकतेची व्याख्याने देणाऱ्यांनी कधी लक्षात घेतले नाही. शिवाय माणसे शहरभर विखुरलेली असल्याने रात्री एकदम बोलवायची सोय नव्हती. पोलिसांसाठी वसाहती हव्यात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयुक्त एस. एम. एडवर्ड्‌ससारख्या अधिकाऱ्यांना चांगलेच ठाऊक होते. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी उभ्या राहिल्या, २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. पुढे त्यातल्या कितीतरी खोल्या पोलीस कुटुंबांकडे आल्या, आणि शंभर वर्षे होत आली तरी अनेकांचा संसार त्याच मापाच्या खोलीत चालला. जे शहर आपल्या शिपायाला शतकभर १६० फुटांत ठेवते त्याने त्याच्याकडून निःस्पृहतेची अपेक्षा किती करावी?

तपासाचे काम कसे चालते हे एका साध्या प्रकरणातून पाहावे. काळबादेवीला रात्री घर फुटते. पाटल्या, गोठ, एक पुतळ्यांची माळ जाते. सोन्याची मूस तयारच असेल तर सवागी (टाकणखार) टाकून दागिना वितळायला वेळ लागत नाही. सकाळी बाजार उघडायच्या आत त्याची लगड झालेली असते. लगडीला मालक नसतो. म्हणून पहिल्या काही तासांत जे होईल तेच. घरधन्याकडून प्रत्येक दागिन्याचे वजन तोळ्यात, घडण, डागडुजीची खूण आणि घडवणाऱ्या सोनाराचे नाव लिहून घ्यायचे. त्याच सोनाराकडून त्याची वही मिळवायची. वर्णन सराफांना आणि गहाणवटीच्या दुकानांना त्याच दिवशी पोचवायचे. दार फोडण्याची तऱ्हा पाहायची, कारण कोयंडा उपसणारा सहसा कोयंडाच उपसतो, कौले काढणारा कौलेच. मग त्या तऱ्हेचे, तुरुंगातून अलीकडे सुटलेले कोण आहेत ते पाहायचे. यातली प्रत्येक पायरी नोंदवहीची आहे. लाठीचा तिथे काही उपयोग नाही.

बिघडायचे कुठे? पहिले म्हणजे फिर्याद घेणाऱ्याला दागिन्यांची नावे, वजने लिहायला सवडच नसायची. ‘सोन्याचे दागिने, किंमत अमुक रुपये’ एवढे लिहून मोकळा. दुसरे, चोर सापडला तरी त्याने शिपायापुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कोर्टात चालत नसे. त्याने सांगितल्यावरून माल सापडला तर तेवढा भाग कलम २७ प्रमाणे चालायचा. ही तरतूद शहाणपणाची होती, मारझोडीला आळा घालणारी होती. पण तपास न शिकवता कबुलीजबाब बंद केला की पोलीस ‘सापडवलेल्या’ मालाकडे वळतात. पंचनाम्यावर तेच ते नेहमीचे पंच येतात आणि न्यायाधीशाचा विश्वास उडतो. तिसरे, माल घेणारा. भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली त्याला शिक्षा होती, पण माल चोरीचा होता हे त्याला ठाऊक होते किंवा तसे मानायला कारण होते असे सिद्ध करावे लागे. लगडीबाबत ते कसे करणार? म्हणून चोर आत जातो, सराफाआडचा माणूस बाहेर राहतो आणि पुढच्या महिन्यात नव्या चोराकडून माल घेतो.

मुंबईत हुशार तपास करणारे नव्हते असे नाही. चार्ल्स फोर्जेट १८५५ ते १८६३ या काळात पोलिसांचा प्रमुख होता. हिंदुस्थानात वाढलेला, इथल्या भाषा सफाईने बोलणारा, वेषांतर करून वस्तीत फिरणारा. १८५७ मध्ये मुंबईतल्या पलटणीतला कट त्याने असाच हुडकला आणि १५ ऑक्टोबरला दोघांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले. त्या शिक्षेच्या क्रौर्याबद्दल दोन मते असायचे कारण नाही, ती वसाहती राजवटीची दहशत होती. पण माहिती गोळा करण्याचे त्याचे कसब खरे होते. पुढे आयुक्त फ्रँक सूटरच्या (१८६४ ते १८८८) काळात मीर अकबर अली आणि मीर अब्दुल अली यांनी गुप्त पोलिसांचा कारभार सांभाळला. मोहल्ल्यामोहल्ल्यांत त्यांची माणसे होती. यांचे सगळे ज्ञान त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या खबऱ्यांत राहिले. माणूस गेला की ज्ञान गेले, आणि असताना त्याच्यावर लक्ष कोणाचे हा प्रश्नही अनुत्तरित. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले तेव्हा पहिल्यांदा नाव बदलून फिरणारा सराईत कागदावर सापडू लागला. मुंबईत शहरासाठी स्वतंत्र सीआयडी (गुन्हे अन्वेषण विभाग) उभी राहिली ती एडवर्ड्‌सच्या काळात, १९०९ मध्ये, आणि तिच्या जन्मामागे चोरांपेक्षा राजकारण जास्त होते. आदल्या वर्षी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांच्या शिक्षेनंतर गिरण्या सहा दिवस बंद पडल्या होत्या.

या दलाकडे तपासाची अवजारे थोडी होती आणि अधिकार भरपूर होते, म्हणून अधिकार वापरले गेले. वाईट चालीच्या माणसाकडून जामीन घ्यायचा, भटक्याला हटकायचे, नाहीतर शहराबाहेर घालवायचे. मॅकिन्टॉशने १८११ च्या सुमारास ज्या हद्दपारीवर आक्षेप घेतला तिला पुढे कायद्याचा पोशाख मिळाला, १९०२ च्या अधिनियमात ती आली आणि आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ५५ ते ५७ म्हणून आहे. तडीपारी दोन वर्षांपर्यंत करता येते. साक्षीदार पुढे यायला घाबरतात अशा गुंडाबाबत तिचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावले की हा असामान्य उपाय आहे आणि नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यावर घाला घालतो. व्यवहार पाहिला तर निवडणूक आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर याद्या निघतात. मुंबईतून काढलेला कल्याणला जातो, ठाण्यातून काढलेला वसईला. गुन्हा त्याच लोकलने पुढच्या स्थानकावर उतरतो, आणि आकडा मात्र ‘प्रतिबंधक कारवाई’ म्हणून अहवालात शोभून दिसतो.

हद्दीचा प्रश्न त्या काळीही असाच होता. मुंबई शहर माहीम आणि शीवला संपायचे. खाडी ओलांडली की साष्टी आणि ठाणे जिल्ह्याचे पोलीस. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी गेली, पण पोलिसांची हद्द तिथेच राहिली. मोटार आल्यावर ती आणखी हास्यास्पद झाली. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, तेव्हा मारेकरी मोटारीने आले होते आणि प्रकरणाचे धागे थेट इंदूर संस्थानात पोचत होते. काही जण घटनास्थळीच हाती लागले, कारण योगायोगाने तिथून चाललेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी झटापट केली. ते नसते तर शहराच्या पोलिसांना संस्थानी हद्दीत किती मजल मारता आली असती, कोण जाणे. शेवटी प्रकरण इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या गादी सोडण्यापर्यंत गेले. मीरा रोड ठाणे ग्रामीणमध्ये आणि वसई पालघर जिल्ह्यात, मधून एकच महामार्ग, अशी २०२० पूर्वी जी स्थिती होती ती याच जातीची. म्हणून त्या पट्ट्याला एक आयुक्तालय मिळाले हे मी योग्यच मानतो.

न्याय्य बोलायचे तर बंदोबस्तातही मुंबईने काही चांगले शिकवले. ११ ऑगस्ट १८९३ ला शुक्रवारच्या नमाजानंतर जुम्मा मशिदीजवळून उसळलेल्या दंगलीत सुमारे ८० माणसे गेली, लष्कर बोलवावे लागले. १९११ च्या मोहरममध्ये पुन्हा गोळीबार झाला. त्यानंतर एडवर्ड्‌सने बंदुका वाढवण्यावर विसंबून न राहता परवान्यांकडे लक्ष दिले. ताबुताचा परवाना कोणाच्या नावे, मिरवणुकीत गडबड झाली तर जबाबदार कोण, हे आधी लिहून घेतले आणि मारामारीला निमित्त होणाऱ्या टोळ्यांच्या मिरवणुका थांबवल्या. त्यात धार्मिक रिवाजावर सरकारी हात पडला, आणि तो सगळ्यांना रुचला नाही हेही खरे. पण आज गणेश मंडळाचा परवाना देताना अध्यक्ष, खजिनदार, मार्ग, वेळ लिहून घेतली जाते ती पद्धत याच वाटेवरची आहे, आणि तिने लाठीपेक्षा जास्त डोकी वाचवली आहेत.

कायदा लोकांच्या सवयीच्या मागे धावतो तेव्हा काय होते याचे एक उदाहरण पावसाच्या सट्ट्याचे. ठरल्या वेळात पाऊस इतका पडेल का की पन्हळीतून पाणी वाहील, यावर मुंबईत पैज लागायची. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांनी लोक पकडले, पण उच्च न्यायालयात प्रश्न आला की पावसाला आणि पन्हळीला जुगाराचे साधन कसे म्हणायचे. खटला टिकला नाही. १८९० मध्ये कायदा दुरुस्त करून पाऊस त्यात घातला. सट्टा मग आणखी कशावर तरी लागू लागला, आणि दर वेळी अड्डा चालवणाऱ्याच्या आधी पैज लावणारा हमाल पकडला गेला. छाप्यांची संख्या हे यशाचे माप धरले की असेच होणार.

आता नव्या शहरांकडे. चोरलेला मोबाईल आज सोन्याच्या लगडीसारखाच लवकर ओळख हरवतो. ऑनलाइन फसवणुकीतले पैसे काही मिनिटांत भाड्याच्या खात्यांतून फुटत जातात. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक पहिल्या तासासाठीच आहे. फोन उचलणारा आणि बँकेला कळवणारा माणूस त्या तासात जागेवर असेल तरच त्याचा उपयोग. पण नव्या आयुक्तालयातला तपास अधिकारी त्या तासात कुठे असतो? नेत्याच्या दौऱ्याच्या रस्त्यावर, विसर्जनाच्या घाटावर, मोर्च्याच्या कडेला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ च्या निकालात तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, सुरुवात मोठ्या शहरांपासून करा, असे सांगितले होते. फाइलीवर ती विभागणी झाल्याचे दाखवता येते. ठाण्याच्या हजेरीपटावर ती दिसते का, हे कोणत्याही गणेशोत्सवात दहा दिवस बंदोबस्ताच्या याद्या पाहून कळेल.

म्हणून आयुक्तालयाच्या प्रस्तावाला मंजुरी देताना काही गोष्टींचा आग्रह धरायला हवा, आणि तो आमदारांनी नाही धरला तर नागरिकांनी. मंजूर शिपायांपैकी निदान निम्म्यांची घरे पहिल्या पाच वर्षांत, त्यांच्या ठाण्यापासून अर्ध्या तासाच्या आत. प्रत्येक ठाण्यात तपासाच्या माणसांची वेगळी यादी, आणि त्यांना बंदोबस्ताला काढायचे असेल तर उपायुक्ताची लेखी सही, कारणासह. फिर्याद घ्यायला संध्याकाळी सहा ते रात्री दहा स्वतंत्र माणूस, म्हणजे कंपनीतून सुटलेल्याला खाडा पडणार नाही. त्याच शहरात दंडाधिकाऱ्यांची पुरेशी न्यायालये, कारण आरोपी आणि साक्षीदार घेऊन जुन्या जिल्ह्याच्या गावी खेपा घालण्यात शिपायांचे दिवसच्या दिवस जातात. आणि तडीपारीचा वार्षिक हिशेब जाहीर: किती आदेश काढले, किती अपिलात रद्द झाले, तडीपार झालेल्यांपैकी किती जण शेजारच्या हद्दीत पुन्हा पकडले गेले. हा शेवटचा आकडा शेजारच्या आयुक्तालयाकडून मागवावा लागेल. तो मागवण्याची तरतूद प्रस्तावातच असावी, कारण नंतर स्वतःहून तो कोणी देणार नाही.